सापाला सुई आहे, गुंजेला का नाही?

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन
मा. व्यवस्थापकीय संचालक, हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ
मा. महासंचालक, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद



मी जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका. नोकरीची बहुतेक वर्षं मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या वाड्या-पाड्यांवरच्या शाळांत गेली. दुसरीच्या वर्गाला दशक-एकक शिकवायचं असलं की मी आदल्या दिवशी सांगून ठेवायची, "उद्या येताना मोजायला काहीतरी आणा." मुलं चिंचोके आणायची, सागरगोटे आणायची, ओढ्यातले गुळगुळीत खडे आणायची. एका हिवाळ्यात ठाकूरवाडीतली एक मुलगी फ्रॉकच्या खिशातून मूठभर गुंजा घेऊन आली. लालभडक दाणे, प्रत्येकाला काळा डोळा. वर्गातली सगळी मुलं तिच्याभोवती गोळा झाली. मीही कौतुकच केलं. दहा-दहाचे ढीग करायला सांगितले.

मधल्या सुट्टीनंतर एक ढीग नऊचा भरला. दहावा कुठे गेला म्हणून विचारलं, तर तिने तोंड उघडून दाखवलं. दाणा दाढेखाली फुटला होता. अर्धा जिभेवर होता, अर्धा पोटात गेला होता.

गुंज विषारी असते एवढं ऐकून ठाऊक होतं. वाडीतली जुनी माणसं सांगतात, गिळली तर जशीच्या तशी पडून जाते, चावली तर घात करते. ते शब्दशः खरं आहे, हे मला नंतर कळलं. दाण्याचं कवच इतकं टणक की अखंड दाणा बहुधा न पचता बाहेर पडतो. कवच फुटलं, किंवा माळेसाठी दाण्याला भोक पाडलेलं असलं, की आतलं विष मोकळं होतं. त्या दिवशी एवढा विचार करायला वेळ नव्हता. मुलीला चुळा भरायला लावल्या, रस्त्यावर येऊन मिळेल ती जीप थांबवली आणि सरकारी दवाखाना गाठला. निघताना वहीत वेळ लिहून ठेवली होती. ती सवय शाळेची.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी काही लपवलं नाही. त्यांनी कोळशाची भुकटी पाण्यात कालवून पाजली, सलाईन लावलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, याच्यावर उतारा नाही. पोटातून निघेल तेवढं काढू, आणि वाट बघू. गुंज लगेच बोलत नाही. दोन-तीन दिवस जाऊ द्यावे लागतील."

त्याच खोलीत पलीकडच्या खाटेवर एक शेतकरी होता. भाताच्या भाऱ्यात हात घातला आणि घोणस चावली. त्याला सापाची सुई दिली होती, आणि संध्याकाळपर्यंत तो उठून बसला, बायकोशी बोलू लागला. मुलीची आजी ते सगळं बघत होती. रात्री तिने मला विचारलं, "बाई, त्याला सुई दिली, तो उठला. सापाला सुई हाय, मंग या दाण्याला का नाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. डॉक्टरांकडेही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलीला उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब, जुलाबात रक्ताची रेघ. तीन रात्री आम्ही खाटेपाशी बसून काढल्या. पाचव्या दिवशी तिने पेज मागितली. ती वाचली. अर्धाच दाणा पोटात गेला होता म्हणून वाचली, की सलाईन वेळेत लागलं म्हणून, हे कोणी सांगू शकत नाही. मोजायला काहीतरी आणा असं मीच सांगितलं होतं, हे मात्र मी विसरलेले नाही.

निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसा त्या आजीच्या प्रश्नाचा माग काढत गेले. ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, मिळेल ते वाचलं, न कळलेलं पुन्हा विचारलं. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते आहे, कारण त्यातला शेवटचा भाग तुमच्या हातात आहे.

पहिली गोष्ट कळली तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून होते. प्रतिपिंड, ज्याला आपण अँटीबॉडी म्हणतो, त्या साऱ्या शास्त्राच्या मुळाशी दोन बियाही आहेत. एक एरंडाची आणि दुसरी आपली गुंज. १८८८ साली हेरमान स्टिलमार्क या तरुण संशोधकाने एरंडाच्या बीतलं विष वेगळं करून त्याला रायसिन नाव दिलं. गुंजेतल्या विषाला अॅब्रिन म्हणतात. त्यावर वॉर्डन आणि वॉडेल या दोघांनी त्याच्याही आधी, १८८४ मध्ये, कलकत्त्यात काम केलं होतं. इंग्रजांच्या त्या काळच्या नोंदींत गुंजेच्या लगद्याच्या सुया करून जनावरं मारल्याची प्रकरणं येतात. त्या हत्याराचं नावही 'सुई'च होतं.

मग १८९१ मध्ये बर्लिनला पॉल एर्लिश यांनी उंदरांना ही दोन्ही विषं अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत वाढवत खाऊ घातली. काही आठवड्यांनी त्या उंदरांना इतर उंदरांना सहज मारील एवढं विषही बाधेना. त्यांच्या रक्तात विषाला अडवणारं काहीतरी तयार झालं होतं. एर्लिश यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. एरंडाच्या विषाला सरावलेला उंदीर गुंजेच्या विषाने मरतो आणि गुंजेला सरावलेला एरंडाने मरतो. म्हणजे प्रत्येक विषाला त्याचा स्वतंत्र प्रतिपिंड लागतो. पुढच्या वर्षी त्यांनी हेही सिद्ध केलं की सरावलेल्या उंदरिणीच्या दुधातून ते संरक्षण पिल्लांना मिळतं. एर्लिश यांना १९०८ साली नोबेल मिळालं.

घटसर्पाची लस, धनुर्वाताची लस, सापाची सुई, कर्करोगावरची आजची महागडी इंजेक्शनं, सगळ्यांच्या मागे हीच समज आहे. ज्या दाण्यावर जग हे शिकलं, त्या दाण्याला सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर आपल्या सरकारी दवाखान्यात उतारा नाही. माहुलीच्या पायथ्यापासून माळशेजपर्यंत जंगलाच्या कडेला, कुंपणावर, पायवाटेला हा वेल सहज दिसतो. हिवाळ्यात शेंगा तडकतात आणि दाणे उघडे पडतात. मुलांच्या नजरेस ते सगळ्यांत आधी पडतात.

हे विष करतं काय, तेही थोडं सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. विषाच्या रेणूचे दोन भाग असतात. एक भाग पेशीच्या अंगावरच्या साखरेला धरून लटकतो, म्हणजे दाराशी ओळख काढून आत शिरायची वाट करतो. दुसरा भाग आत गेल्यावर काम करतो. पेशीत प्रथिनं शिजवणाऱ्या लाखो चुली असतात, रायबोसोम म्हणतात त्यांना. हा दुसरा भाग त्या चुलीतला एक ठरावीक तुकडा काढून टाकतो आणि चूल कायमची विझते. जपानचे याएता एंडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली तो नेमका तुकडा शोधून काढला. आत शिरलेला एक रेणू मिनिटाला हजाराहून जास्त चुली विझवतो. पेशी उपाशी मरते. आधी आतड्याच्या पेशी जातात, म्हणून रक्ताचे जुलाब. मग यकृत, मूत्रपिंड. या सगळ्याला तास लागतात, कधी दिवस लागतात. डॉक्टर म्हणाले ते बरोबर होतं, गुंज लगेच बोलत नाही.

याच उशिरात जीव वाचवायची संधी आहे. विष पेशीच्या बाहेर आहे, रक्तात फिरतं आहे, तोवर प्रतिपिंड त्याला धरू शकतो. एकदा ते आत शिरून चुली विझवायला लागलं की प्रतिपिंडाचा फारसा उपयोग नाही.

दुसरी गोष्ट कळली तेव्हा मात्र अंगावर काटा आला. गुंजेच्या विषाला अडवणारा प्रतिपिंड भारतात तयार झालेला आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापिका अंजली कारंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तो बनवला. २००८ साली त्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. त्या प्रतिपिंडाचं नाव डी-सिक्स-एफ-टेन. विषाची मारक मात्रा दिलेले उंदीर या प्रतिपिंडामुळे जगले. पुढे २०१३ मध्ये तो विषाला नेमका कसा अडवतो यावर त्यांचा आणखी एक लेख आला, आणि त्यानंतर त्यांच्याच प्रयोगशाळेत दुसरा एक प्रतिपिंडही सापडला. म्हणजे आजीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपल्याच देशात, एका प्रयोगशाळेत, उंदरापर्यंत येऊन थांबलेलं आहे. उंदरापासून शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या कपाटापर्यंतचा रस्ता कोणी बांधलेला नाही.

आणि का बांधला नाही, हे जगाकडे पाहिलं की कळतं. रायसिनवर बाहेरच्या देशांत भरपूर काम झालं आहे. सप्टेंबर १९७८ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावर बल्गेरियाचे लेखक गेओर्गी मार्कोव्ह यांच्या मांडीत कोणीतरी एक बारीक गोळी घुसवली. त्यात रायसिन होतं असा निष्कर्ष निघाला. चार दिवसांत ते गेले. हे विष हेरगिरीच्या आणि युद्धाच्या यादीत आहे. इंग्लंडमध्ये पोर्टन डाऊन इथल्या संरक्षण प्रयोगशाळेने मेंढ्यांच्या रक्तातून त्यावर प्रतिपिंड तयार केले, फ्रान्समध्ये घोड्यांपासून केले. अमेरिकेत निकोलस मँटिस आणि चॅड रॉय यांच्या गटांनी एकाच जातीच्या शुद्ध प्रतिपिंडाने माकडांना वाचवलं. आपल्याकडेही ग्वाल्हेरची संरक्षण संशोधन प्रयोगशाळा या दोन्ही विषांवर काम करते. हे सगळं जवानासाठी आहे, आणि जवानासाठी व्हायलाच हवं. माझं म्हणणं एवढंच की ज्या मुलीच्या खिशात हे विष खेळणं म्हणून असतं तिचाही विचार त्याच कामात व्हावा. तिच्यासाठी वेगळं शास्त्र लागत नाही.

माकडांवरचा तो प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यातला एक तपशील मी आरोग्य विभागाने लक्षात ठेवावा म्हणून सांगते. विष श्वासातून दिल्यावर चार तासांनी औषध मिळालेली माकडं वाचली. बारा तासांनी मिळालेल्या पाच माकडांपैकी एकच वाचलं. पोटातून गेलेल्या विषाचं गणित थोडं वेगळं असेल, पण तासांना किंमत आहे हे दोन्हीकडे सारखंच. आता डोळखांबच्या पुढच्या, टोकावड्याच्या वरच्या, कसाऱ्याच्या डोंगरातल्या पाड्यांचा विचार करा. पावसाळ्यात अजूनही काही पाड्यांवरून आजाऱ्याला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. रस्त्यावर आल्यावर १०८ रुग्णवाहिका मिळते, मिळाली तर. या भागात चार तास म्हणजे काय असतात, हे मुंबईत बसून कळत नाही. म्हणून उतारा मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात असून भागणार नाही. तो तालुक्याला हवा.

जे सांगायला हवं ते पूर्ण सांगते, कारण अर्धवट माहितीवर मागणी केली तर ती पहिल्याच बैठकीत खोडली जाईल. आमच्या शाळांमधली बियांची विषबाधा बहुतेक वेळा मोगली एरंडाची असते. कुंपणाला लावलेलं ते झाड, बदामासारखी लागणारी बी. एकाने खाल्ली की दहा जण खातात, मग सगळा वर्ग उलट्या करत दवाखान्यात. बायोडिझेलच्या नावाने मधल्या काळात ही झाडं आणखी लावली गेली. त्या बीतल्या विषात पेशीला धरणारा भाग नसतो, उलट्या-जुलाब तिच्यातल्या दुसऱ्या द्रव्यांनी होतात, आणि बहुतेक मुलं सलाईनवर बरी होतात. त्यावर प्रतिपिंडाचं औषध उपयोगी नाही. खरा एरंडही चघळून खाल्ला तर त्रास देतो, पण वेळेवर उपचार झाले तर बहुतेक माणसं वाचतात. एरंडेल तेलात हे विष उतरत नाही, ते पेंडीत राहतं. गुंज या सगळ्यांहून क्रूर आहे. आणि आपल्या देशातल्या वैद्यकीय नियतकालिकांत मोठ्या माणसांची जी गुंजेची प्रकरणं येतात, त्यांतली पुष्कळशी स्वतःच्या जिवावर उठलेल्या माणसांची आहेत. त्यांत तरुण मुली असतात. दुसऱ्या दिवशी ज्यांना जगावंसं वाटतं, त्यांनाही डॉक्टर तेच सांगतात, उतारा नाही.

तुम्ही विचाराल, असे किती? हा प्रश्न तुम्ही विचारालच, आणि या पत्राचं खरं कारण तोच आहे. आपण मोजतच नाही. रुग्णालयात आजारांना सांकेतिक क्रमांक देतात. विषारी अळंब्यांना एक क्रमांक, विषारी फळांना एक, आणि बाकी साऱ्या विषारी वनस्पतींना मिळून एकच. गुंज, एरंड, मोगली एरंड, धोतरा, कण्हेर, सगळं एका पोत्यात. केसपेपरवर तर बहुधा नुसतं 'विषबाधा' एवढंच असतं. मग दिल्लीत किंवा मुंबईत कोणी म्हणतं, मागणीच नाही, कोणती कंपनी बनवेल? दुसरीच्या वर्गातलं मूलसुद्धा सांगेल की जे मोजलंच नाही त्याचा ढीग होत नाही.

मोजल्याने काय होतं हे सापांच्या बाबतीत आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. सर्पदंशाने दरवर्षी किती जातात, याचे सरकारी आकडे कित्येक वर्षं लहानच होते. २०११ साली घराघरांतल्या मृत्यूंच्या पाहणीवरून अभ्यासकांनी काढलं की २००५ साली देशात सुमारे ४५,९०० माणसं सापाने मेली, सरकारी नोंदींच्या तीसपटीहून जास्त. पुढच्या अभ्यासात २००० ते २०१९ या वर्षांचा अंदाज आला, बारा लाख. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना पत्र गेलं की सर्पदंशाची नोंद सक्तीची करा. साप तेच होते, शेतकरी तेच होते. कोणीतरी मोजलं म्हणून हे झालं. गुंजेचे आकडे सापाच्या जवळपासही जाणार नाहीत, ते मला माहीत आहे. पण आकडा लहान असला तरी तो आकडा असतो. त्यावर किती कुप्या लागतील ते ठरवता येतं.

आणि खेड्यातल्या दवाखान्यातल्या वहीने जगाचं वैद्यक बदलतं, याचं उदाहरण आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर सत्तरच्या दशकात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणातल्या तांबड्या विंचवाने माणसं पटापट जात. त्यांनी प्रत्येक रुग्णापाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, वेळ सगळं लिहून ठेवलं. त्या नोंदींतून त्यांना विंचवाच्या विषाची चाल कळली, त्यातून प्राझोसिन हे स्वस्त औषध उपयोगी पडेल हे सुचलं, आणि 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकाने ते छापलं. पुढे हाफकिनने विंचवावरची लस बनवली. ती प्राझोसिनबरोबर दिली तर रुग्ण लवकर सुधारतो, हेही बावस्कर दांपत्याने महाडमध्येच तपासून दाखवलं. ते २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलं. वही, लस आणि औषधाचा हा उपयोग, तिन्ही महाराष्ट्रातलं. म्हणून गुंजेसाठी परदेशाकडे बघायची गरज आहे असं मला वाटत नाही.

हाफकिन महामंडळाला मी हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते. पिंपरीला तुमचे घोडे आहेत. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार सापांची विषं घोड्याला थोडी थोडी टोचून, त्याच्या रक्तद्रवातून प्रतिपिंड काढून, शुद्ध करून, सुकवून कुपीत भरण्याचं काम तुमच्या संस्थेला पिढ्यांपासून येतं. माळशेज चढून वर गेलं की जुन्नर तालुक्यात नारायणगावला प्रीमियम सीरम्स ही खासगी कंपनी हेच काम करते. मुरबाडहून दोन-अडीच तासांचा रस्ता. सापाच्या विषात अनेक घटक असतात आणि ते प्रदेशागणिक बदलतात, म्हणून सापाची लस अवघड. गुंजेत मुख्य मारेकरी एक आहे, त्याची रचना ठाऊक आहे, त्याला निकामी करून घोड्याला कसं टोचायचं हेही शास्त्राला ठाऊक आहे. एर्लिश यांच्या उंदरांनी दाखवल्याप्रमाणे गुंजेला आणि एरंडाला प्रतिपिंड वेगवेगळे लागतील. पण चार साप एका कुपीत मावतात, तर दोन बियाही मावतील. सुकवलेल्या भुकटीला शीतपेटीची सक्ती नसते, हे आमच्यासारख्या वीज जाणाऱ्या भागात फार मोलाचं आहे.

दुसरा रस्ता बेंगळुरूच्या शुद्ध प्रतिपिंडाचा. तो घोड्याच्या रक्तातून येत नाही, पेशींच्या पिंपात वाढवतात, त्यामुळे त्याने अंगावर पित्त उठण्याचा किंवा झटका येण्याचा धोका कमी. पण तो माणसासाठी योग्य करायला वेळ आणि पैसा जास्त. माझं मत विचाराल तर घोड्याचं औषध आधी सुरू करावं, कारण तबेला उभा आहे, माणसं तयार आहेत. आणि बेंगळुरूचं काम वैद्यकीय संशोधन परिषदेने आणि संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने मिळून पुढे न्यावं. तज्ज्ञांना हा क्रम उलटा वाटला तर त्यांनी तसं करावं. दोन्ही रस्ते बंद ठेवणं मात्र मला मान्य नाही.

माणसावर चाचणी कशी करणार, ही अडचण खरी आहे. कोणाला विष देऊन औषध तपासता येत नाही. अमेरिकेने २००२ पासून अशा औषधांसाठी वेगळा नियम ठेवला आहे. परिणाम प्राण्यांत दाखवायचा, सुरक्षितता निरोगी माणसांत दाखवायची. आपल्याकडे २०१९ च्या नव्या औषध नियमांत पाच लाखांपेक्षा जास्त लोकांना न होणाऱ्या आजारावरच्या औषधाला 'अनाथ औषध' म्हटलं आहे. तो शब्द वाचला तेव्हा मला वाडीतली पोरं आठवली. नियमात त्याला जागा आहे, तर ती जागा वापरावी.

आता मागणं. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतल्या उपजिल्हा रुग्णालयात, ग्रामीण रुग्णालयांत आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात वनस्पतीच्या विषबाधेची एक वेगळी वही ठेवावी. कोणती बी, किती, चावली की गिळली, किती वाजता, दवाखान्यात किती वाजता, पुढे काय झालं. आशाताईंना आणि शिक्षकांना बिया ओळखायला शिकवावं, नमुना सोबत आणायला सांगावं. गुंज खाल्लेल्याच्या लघवीत एल-अॅब्रिन नावाचं द्रव्य सापडतं, एरंड खाल्लेल्याच्या लघवीत रिसिनीन. ती तपासणी मुंबईत कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत किंवा हाफकिनमध्ये करता येईल अशी सोय करावी, म्हणजे वहीतला अंदाज पक्का होईल. वर्षभराची वही हातात आली की हाफकिनने किती घोडे, किती कुप्या, किती खर्च, याचा हिशोब मांडावा आणि तो मंत्रिमहोदयांनी विधिमंडळात ठेवावा. औषध तयार होईल तेव्हा पहिल्या कुप्या ठाण्याला न थांबता शहापूरला आणि मुरबाडला याव्यात.

कोणी म्हणेल, त्यापेक्षा वेल तोडून टाका. तसं करू नका. आमच्याकडच्या आज्या गुंजेचा गोड पाला घसा बसला की चघळायला देतात, विड्यातही घालतात. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, या हिशोबाने पिढ्यान् पिढ्या सोनं तोललं गेलं. आयुर्वेदात गुंज उपविषांत मोडते, ती शोधन करून, उकळून वापरतात. उष्णतेने हे विष मोडतं, हे त्या वैद्यांनी अनुभवाने ओळखलं होतं. वेल जंगलाचा आहे, राहू द्या. मुलांना सांगण्याचं काम आम्ही शिक्षक करू, करतोच आहोत. मी स्वतः त्या हिवाळ्यानंतर गुंज वर्गात कधी येऊ दिली नाही. पण सांगूनही एखादं मूल चावणारच.

तानसाचं पाणी १८९२ पासून आमच्या शहापूर तालुक्यातून मुंबईला जातं. नंतर भातसाचं जाऊ लागलं. त्याच मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे. इतकी वर्षं पाणी देणाऱ्या तालुक्याने तिच्याकडून एक औषध मागितलं तर ते जास्तीचं मागणं आहे असं मला वाटत नाही.

यंदाच्या शेंगा डिसेंबरपासून तडकायला लागतील. त्याआधी वही सुरू करता आली तर पहिली नोंद मी आणून देईन. माझ्या जुन्या डायरीत ती सगळी आहे. तारीख, इयत्ता दुसरी, एक दाणा, चावलेला, अर्धा पोटात. चावल्याची वेळ साधारण पावणेबारा, दवाखान्यात पोहोचलो ती वेळ दोन वाजून दहा मिनिटं. उलट्या दुसऱ्या दिवशी सकाळी. पाचव्या दिवशी पेज. उपचाराच्या रकान्यात 'उतारा' या शब्दापुढे तेव्हा मी एक रेघ ओढली होती. ती रेघ तशीच आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे